बाळाच्या पेटीतली घरघर

टाळीबाई हे नाव तिला कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या शिपायाने दिलं. कुठल्याही नव्या खोलीत शिरली की ती आधी एक टाळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते कान टवकारून ऐकायची. बँकेत, दवाखान्यात, आणि एकदा तर एका होऊ घातलेल्या सासूबाईंच्या दिवाणखान्यात. "आमच्याकडे डास नाहीत हो," त्या बाई तुटकपणे म्हणाल्या. ते लग्न जमलं नाही. टाळीबाईला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

ध्वनिलहरी हा तिचा विषय. लोखंडी पाइपात आवाज सोडायचा आणि तो कसा परत येतो त्यावरून भेग कुठे आहे ते सांगायचं, यावर तिने पीएच.डी. मिळवली. पण एका जागी टिकेल तर शपथ. कॉलेजात शिकवलं, सोडलं. बॉयलरच्या कारखान्यात लागली, साहेबाशी वाजलं, तेही सोडलं. मग एका सरकारी प्रयोगशाळेच्या तळघरात रुजू झाली. "हिच्या पायाला भिंगरी आहे," आई म्हणायची. "पायाला नाही, डोक्याला," वडील दुरुस्ती करायचे.

तिने चाळिशी ओलांडली तेव्हा धाकट्या बहिणीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. मूठभर जीव. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. बहीण पेटीशेजारी स्टुलावर बसून, मेहुणे औषधांसाठी जिने चढउतर करत, आणि टाळीबाईला करण्यासारखं काहीच नाही. ती दाराशी जायची, परत यायची, काचेवर कपाळ टेकायची.

आणि मग तिला ऐकू यायला लागलं. पेटीच्या खालची मोटर सारखी घरघरत होती. नर्सने औषधाची बाटली टपावर ठेवली की ठक. हात घालायच्या खिडकीची कडी लावली की खाड. त्या प्रत्येक खाडबरोबर बाळाचे दोन्ही हात हवेत उडायचे आणि शेजारच्या यंत्राच्या पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली यायचा.

"सिस्टर, कडी जरा हळू लावाल का?" तिने विचारलं.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टर वळल्या. "बाई, माझ्याकडे अकरा बाळं आहेत. ती जगवू की कड्यांना गोंजारत बसू?"

दुसऱ्या दिवशी टाळीबाई आवाज मोजायचं यंत्र घेऊन आली. ते पाहिलं आणि बहिणीचा बांध फुटला. "ताई, ती माझी मुलगी आहे. तुझा पाइप नाही!"

टाळीबाई बाहेर आली. बहिणीचं चुकलं नव्हतं, हे तिला कळत होतं, पण गप्प बसणंही जमेना. ती तडक बाळांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी अडगळीत पडलेली एक मोडकी पेटी दाखवली. "हिच्यावर काय हवं ते करा. वॉर्डात मात्र मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

तिने मोटर दुरुस्त केली, आत मायक्रोफोन ठेवला, आणि मोठ्या सिस्टरांना आर्जवं करून बोलावलं. हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि नेहमीसारखी कडी लावली. सिस्टर दचकून मागे सरकल्या. हेडफोन काढून हातात धरला. मग दाराबाहेर जाऊन ओरडल्या, "एकेकीने इकडे या गं!"

डॉक्टरांच्या परवानगीने कड्यांना रबर लागलं, टपावर बाटल्या ठेवणं बंद झालं, पेटीवर जाड रजईसारखं आवरण आलं. टाळीबाईला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"ताई," बहिणीने विचारलं, "मी तिच्याशी बोलते ते तिला आता ऐकू जातं का?"

टाळीबाई उठून अडगळीत गेली. मोडक्या पेटीत मोजून पाहिलं, तर आवरणाने आईचा आवाज अडवला होता आणि मोटरची घरघर तशीच आत कोंडली होती. इतके दिवस तिने फक्त नको असलेल्या आवाजाचा विचार केला होता. हव्या असलेल्या आवाजाचं नावच नाही! तिची तिलाच लाज वाटली. आवरण काढलं. बहिणीने खिडकीतून हात आत घालायचा आणि तिथेच तोंड नेऊन हळू बोलायचं, असं ठरलं. बहीण बोलायला लागली: आज आजोबांनी दूध उतू घालवलं, बाबांचे मोजे सापडत नाहीत, असलं काहीबाही. बाळाच्या मुठी सैल झाल्या.

मुलगी वाचली. घरी आली. पुढे कळलं की तिच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं. औषधं, संसर्ग, अपुरे दिवस, आवाज, कारण काहीही असू शकेल, डॉक्टर म्हणाले. बहिणीने ते मान्य केलं. टाळीबाईने केलं नाही. तिने नोकरी सोडली आणि पेट्या बनवणाऱ्या कंपनीचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली.

"आजवर एकाही बाळाची तक्रार आलेली नाही," तिथला मॅनेजर हसत म्हणाला.

तिने पिशवीतून मोटर काढली, त्याच्या टेबलावर ठेवून चालू केली आणि साध्या आवाजात बोलत राहिली. तो सारखा पुढे वाकून "काय? काय म्हणालात?" विचारत होता. तिने मोटर बंद केली नाही. कंपनीने बराच घोळ घातला, पण शेवटी मोटरखाली रबरी पाय आले, पंखा बदलला.

आता तिचे केस पिकलेत. सध्या वॉर्डातल्या यंत्रांच्या घंटांशी तिचं भांडण चालू आहे. सगळ्या एकदम वाजतात, नर्सना कुठली कुणाची ते कळत नाही. निवृत्त झालेल्या मोठ्या सिस्टर फोनवर तिला रोज नवी तक्रार पुरवतात.

मध्यंतरी भाची सुट्टीला आली होती. गप्पांच्या भरात तिने विचारलं, "मावशी, माझा कान त्या पेटीनेच गेला का गं?"

टाळीबाई उठून तिच्या डावीकडे येरझाऱ्या घालायला लागली. "नाही सांगता येत. अजून नाही."

"मग शोध की."

"शोधतेच आहे."

"बरं, शोध. पण तिकडून बोललीस तर मला नीट ऐकू येत नाही," भाची म्हणाली, आणि उजव्या बाजूची खुर्ची तिने पायाने पुढे ओढली.