पस्तीस ओहमची शेगडी

ही गोष्ट सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. निवृत्तीच्या निरोप समारंभात चाळीस मिनिटं बोललो, तेव्हाही टाळलं.

दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. शिक्षकांच्या खोलीत चहासाठी हजार वॅटची, उघड्या कॉइलची शेगडी होती. कॉइल तुटली की मी जळकं टोक कापून उरलेली ताणून जोडायचो. तिसऱ्यांदा जोडली, तेव्हा आमचा शिपाई म्हणाला, "सर, कॉइल लय कमी झाली. आता जास्त करंट ओढन. वायर गरम होऊन राह्यली, हात लावून पाहा."

"कमी कॉइल, कमी वीज. तू मले शिकवून राह्यला का? दहावीले किती खेपा बसलता बे?"

सगळे हसले. तोही हसला. "तीन, सर. पन वायर गरम हाये."

रोध कमी तर उष्णता कमी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. प्रवाह तेवढाच राहिला तर ते खरं. पण घरच्या विजेचा दाब ठरलेला असतो, दोनशे तीस व्होल्ट. रोध घटला की प्रवाहच वाढतो. हे मला येत नव्हतं असं नाही. त्याच्याकडून ऐकून घ्यायचं नव्हतं.

आठवड्याभरात प्लग पेटला. शेजारचं कपाट हजेरीपटांसकट जळालं. दुपारी मी एकट्यानं शेगडी प्रयोगशाळेत नेऊन तिला मीटर लावला. पस्तीस ओहम. दोनशे तीसचा वर्ग भागिले पस्तीस, म्हणजे पंधराशे वॅट. पाच अँपिअरच्या प्लगमधून साडेसहा जात होते. हिशेबाचा तो कागद मी खिशात घातला.

मुख्याध्यापकांनी दार लावून माझ्यासमोर शिपायाला विचारलं, "शेगडी चालू ठेवून कुठं गेलता?" तो माझ्याकडं पाहत राहिला. आग त्याच्या हलगर्जीपणानं लागली, असं कागदावर लिहिलं गेलं. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही मागितली, ती केली. त्या उन्हाळ्यात तो नोकरीत कायम व्हायचा होता. त्याला काढलं.

पुढं दर वर्षी दहावीला विजेचा तो धडा यायचाच. इस्त्री, गिझर, शेगडी, सगळ्यांचे वॅट फळ्यावर काढून घ्यायचो. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, कॉइल कापली तर?"

"परीक्षेत येत नाही," मी म्हणालो.

गेल्या वर्षी कळलं की बोरी अरबला त्याचं रिपेरिंगचं दुकान आहे. एसटीत वाक्य पाठ करत गेलो. मला पाहताच त्यानं खुर्ची पुसली. "हे आमचे सर," तो बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला. "ईज म्या यायच्यापाशीच शिकलो."

"मंग माहा पंखा तीनदा बिघडला, त्याचा जाब यायलेच इचारू का?"

दोघं खदखदून हसले. मी चहा प्यालो. तो मला बसपर्यंत सोडायला आला, खिडकीशी उभा राहिला. बस सुटली, तरी वाक्य तोंडातच होतं: शेगडी मी जोडली होती, तू सांगितलं होतंस, आणि सही करताना मला हिशेब ठाऊक होता. मला माफ कर.