किल्लीवरचा तांब्याचा पत्रा

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. मी अधिकारी नव्हते. चौथी शिकलेली, ठाण्यात झाडलोट करून निवृत्त झालेली बाई. पण महिला पोलीस रजेवर असल्या की बाईमाणसाच्या जबाबाला साहेब मला खोलीत बसवत. गप्प बसायचं, एवढंच काम. ते मला जमायचं.

एका वस्तीवर तरणी सून साप चावून गेली. नवऱ्याची गाडी दारातच उभी होती. त्याचं म्हणणं, ती सुरूच झाली नाही. बॅटरीच्या वायरी हलवल्या, शेजाऱ्यांनी धक्का मारला. समोर किल्लीचं लाल चित्र नुसतं लुकलुकत राहिलं. दुसऱ्याची जीप येईपर्यंत उशीर झाला. केजच्या सरकारी दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला, नवरा-बायकोचं भांडण होतं, त्यानं मुद्दाम गाडी काढली नाही.

गाडी ओढून ठाण्यात आणली, नवऱ्यालाही आणून बसवलं. पंचनामा करताना हवालदारांनी किल्लीच्या डोक्याला गुंडाळलेला मंतरलेला तांब्याचा पत्रा सोडवला आणि रीतीप्रमाणे दोन वस्तू वेगळ्या लिहिल्या. किल्ली एक, ताईत एक. मी तिथंच झाडत होते. मग साहेबांनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"काय बे," हवालदार त्याला म्हणाले, "तुझ्याच दारात रुसती का ही?"

"देवाशपथ, न्हाई झाली साहेब."

दोन दिवस तो तेवढंच म्हणत होता. खोटं बोलणारा रोज नवं कारण आणतो. याच्याकडे कारणच नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "लिहा तुमाला काय लिहायचं ते." मला वाटलं, हा खरं बोलतोय. पण साहेबांसमोर माझं तोंड उघडत नसे.

चौथ्या दिवशी त्याच्या आईचा जबाब होता. साहेब फोन घ्यायला बाहेर गेले, तशी ती माझ्याकडे झुकली.

"बाई, किल्लीचा ताईत जागेवर हाय ना? नवी गाडी, लई नजरा लागत्यात. त्या दिशी सकाळीच म्या घट्ट गुंडाळलाता."

त्या दिवशी सकाळीच. आणि ठाण्यात गाडी सुरू झाली, ती हवालदारांनी पत्रा सोडवल्यावर. साहेब आत आले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलले, "साहेब, तो पत्रा पुन्हा किल्लीला गुंडाळून बघा की."

गुंडाळला. लाल चित्र लुकलुकलं, इंजिन घरघरून बंद पडलं. पत्रा काढला, सुरू. तीनदा करून बघितलं. मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, किल्लीच्या डोक्यात चिप असते. वर तांबं आलं की गाडीला आपली किल्ली ओळखू येत नाही. नवऱ्यालाही तो पत्रा दिसला असणारच. पण आईनं बांधलेलं कोण सोडतं?

तो सुटला. साहेबांनी माझ्यासाठी चहा सांगितला. आई आवारात उभी राहून सगळं बघत होती. लेक तिच्याकडे न बघता फाटकाबाहेर गेला. मग ती माझ्याजवळ आली.

"म्हंजी बाई, म्याच मारली का तिला?"

खरं सापडलं की माणूस सुटतो, असं ठाण्यात सगळे म्हणत. एक सुटला, एक अडकली. त्या दिवशी बोलायचं तिथं मी बोलले. आणि नुसतं 'न्हाई' म्हणायचं होतं, तिथं खाली बघत गप्प बसले.