समजलेला उतारा

माझ्या भाचीला बारावीला इंग्रजीत अडतीस गुण मिळाले. पास व्हायला पस्तीस पुरतात, म्हणून कामरगावात पेढे वाटून झाले. मग कळलं, नर्सिंगला इंग्रजीत चाळीस लागतात. पोरीला दुसरं काही करायचंच नव्हतं. माझी धाकटी बहीण तिला घेऊन वाशीमला माझ्या घरी आली आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "बाई, दोनच मार्क पाह्यजेत. तू तं मास्तरीण हायेस, दे ना."

"मी घरी छापत नाही."

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, बोर्डाचे पेपरही तपासते. पास झालेल्याला जुलैत पुन्हा बसायचं म्हणजे श्रेणीसुधारात सगळेच विषय पुन्हा द्यायचे. दोन गुणांसाठी सगळे विषय. फॉर्म भरला आणि पोरगी माझ्याकडे राहिली.

तिचं दुखणं उताऱ्यात होतं. पत्र, भाषण, मुलाखत पाठ करता येते. उतारा पाठ करता येत नाही. "उताऱ्यात अडकलीय," असं मी बहिणीला फोनवर सांगत होते, तर आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मग तलाठ्याले भेटा."

पहिल्या दिवशी मी तिला सोपा उतारा दिला. एक लेखिका आपलं बालपण सांगते, डोंगरातलं गाव, नदीपलीकडची शाळा. प्रश्न होता, लेखिकेचा जन्म कुठे झाला. भाचीने प्रश्नातला 'बॉर्न' शब्द धरला, उताऱ्यावरून बोट फिरवत त्याच शब्दापाशी थांबली आणि ती ओळ जशीच्या तशी लिहून काढली. ओळ 'आय'पासून, म्हणजे 'मी'पासून, सुरू होत होती.

"तू डोंगरात जन्मलीस?"

"नाही व मावशी. कारंज्याच्या दवाखान्यात."

"मग हा 'आय' कोण?"

ती कागदाकडे बघत राहिली. "ते नाही पाह्यलं. आमाले सरांनी सांगतलं, शब्द जुळला की ओळ उतरवा. वाचत बसू नका, टाइम जाते."

सरांचं चुकत नव्हतं. मागच्या बाकावरच्यांना मीही हेच सांगते, त्यावर दरवर्षी कितीतरी पोरं पास होऊन जातात. पण हिला पुढे औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं होतं. तिथे शब्द जुळवून भागत नाही. म्हणून मी ठरवलं, हिला नीट शिकवायचं. आधी प्रश्न वाच. मग न थांबता सगळा उतारा वाच. मग पेन खाली ठेव आणि काय झालं ते मला आपल्या बोलीत सांग. त्यानंतर स्वतःच्या वाक्यात उत्तर लिही.

एका उताऱ्यात एक म्हातारा होता. तो मुलांशी 'हार्डली' बोलायचा, असं वाक्य होतं. मुलं तरी रोज संध्याकाळी त्याच्याजवळ येऊन बसत. का, असा प्रश्न.

"म्हातारा लेकराइशी लय कडक बोले. म्हणून भेवानं येत," भाची म्हणाली.

"कडक कुठून आलं?"

"हार्ड म्हणजे कडकच ना."

"हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच. तो बोलतच नसे."

"मंग सरळ 'नो' लिवाचं ना! येवढं फिरवाचं कायले?"

मी कागद तिच्याकडे सरकवला. तिने उतारा पुन्हा वरून वाचला. या वेळी बोट नव्हतं. "म्हणजे आज तरी बोलंन म्हणून येत," ती म्हणाली. उताऱ्यात ही ओळ कुठेच नव्हती. तिने ती लिहिली. स्पेलिंगच्या दोन आणि काळाची एक चूक करून, पण लिहिली.

त्यानंतर तिला कळायला लागलं. रोज नाही, पण लागलं. परीक्षेहून आली तेव्हा चपला काढता काढता तिने मला पेपरातला उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. कोण, कुठे, काय झालं, सगळं. मी तिच्या हातातली प्रश्नपत्रिका घेऊन पाहिली. बरोबर होतं.

निकाल लागला. इंग्रजीत छत्तीस.

असं का झालं हे समजायला मला तिची उत्तरपत्रिका मागवायची गरज पडली नाही. समोर गठ्ठा असतो. उताऱ्यातली ओळ उतरवलेली दिसली की तपासणारा गुण देऊन पुढे जातो, कारण उतरवलेल्या ओळीत व्याकरण चुकत नाही. स्वतःच्या वाक्यात चुकतं. तिथे हात थांबतो आणि अर्धा गुण कापला जातो. शिवाय समजून वाचायला वेळ जातो, म्हणजे शेवटचे प्रश्न राहतात. तिचे राहिलेच होते.

बहीण आली ती भरून आली होती. "समजत नव्हतं तं अडतीस होते. तू समजावलं अन् छत्तीस झाले. बाई, तुही फी काय द्यू?"

"चहा घे," मी म्हटलं.

चहा घेता घेता तिने शेवटची आशा बाहेर काढली. गावात कोणीतरी सांगितलं होतं की एकूण चाळीस टक्के असले तरी चालतात, इंग्रजीचं काही नाही. एकूण तर पोरीला बरेच होते. मोबाइलवर कॉलेजचं माहितीपत्रक होतं, सगळं इंग्रजीत. बहिणीने मोबाइल माझ्यापुढे धरला. मी तो भाचीकडे दिला.

नियमाचं वाक्य लांबलचक होतं, चांगल्या चांगल्यांचा गोंधळ होईल असं. तिने ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"नाही आई," ती म्हणाली. "एकूण चाळीस पाह्यजेत, अन् इंग्रजीत वेगळे चाळीस पाह्यजेत. दोन्ही पाह्यजेत. एकात जास्त असले तं दुसऱ्यात कमी चालत नाही."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. यापेक्षा चांगलं उत्तर मलाही देता आलं नसतं.

बहिणीने मोबाइल पिशवीत टाकला. प्रवेशाचं हे वर्ष गेलं होतं. राहिली होती ती फेब्रुवारीची परीक्षा, म्हणजे पुन्हा सगळे विषय. कपबशा उचलता उचलता भाचीने विचारलं, "फेब्रुवारीत समजून लिवू का उतरवू, मावशी?"

"उतरव," मी म्हटलं.