ते जेवल्यावर

शेजारच्या खोलीतल्या अक्काचं आधी सांगते, मग बाकीचं. विणकराच्या घरातली बाई, बोली तेलुगू, मराठी ऐकून ऐकून शिकलेली. तिच्यामुळं माझी थोरली लेक जगली.

सोलापुरात इंग्रजांनी लष्करी कायदा लावला तेव्हा आमच्या मालकांना स्वराज्यवाल्यांची पांढरी टोपी घातली म्हणून गिरणीच्या वाटेवर धरलं. तुरुंग गावातच, पण बायकांना आत सोडत नव्हते. माझं माहेर नातेपुत्याकडं, लांब. शाळा दुसरीतच सुटलेली. कुणाला काय विचारायचं, तेच कळेना. लेक अंगावर पीत होती.

आमच्यात नवऱ्याच्या आधी बाई जेवत नाही. मी ते कधी मोडलं नव्हतं. पण तुरुंगातला माणूस जेवला, हे बाहेर कसं कळायचं? भाकरी थापायची, झाकायची आणि बसायचं. वाटायचं, आता जेवले असतील. लगेच वाटायचं, नसतील तर? दिवेलागण उलटून गेल्यावर चतकोर मोडायची, तीही भीत भीत. दूध आटत चाललं. लेक छातीला लागायची, सोडायची, रडायची.

अक्का दारात रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता बघत होती. एक दिवस आत आली आणि झाकण उचलून म्हणाली, "हे कुणासाठी?"

"ते जेवल्याबिगर कशी खाऊ, अक्का?"

"त्यांची जेवायची वेळ तुला ठावं हाय?"

"न्हाय की."

"मग चल. रडून कळतंय काय?"

तुरुंगाच्या दारात तिनं पहारेकऱ्यालाच विचारलं, "दादा, आत जेवायला कवा वाढतात?"

"का? पंगतीला बसायचं हाय व्हय?"

"मी न्हाय. हिचा नवरा आत हाय. तो जेवल्याबिगर ही खात न्हाय, पोरीला दूध न्हाय. तुजी बायको तरी आधी खाती का?"

त्यानं हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "सकाळी एकदा, नि दिवस बुडायच्या आत एकदा. घंटा हुती की. तुमच्या आळीला ऐकू येत आसंल."

तेव्हापासून अक्का रहाटावरूनच हाक द्यायची, "जेवले गं तुझे मालक. खा आता." कधी मला घंटा ऐकूच यायची नाही. ती म्हणायची, झाली. मी खायची. दूध आलं.

मालक सुटून आल्यावर हे मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. हातातला घास तसाच धरून ते म्हणाले, "पहिले बरेच दिवस आम्ही जेवणच टाकलं होतं. भाकरीत वाळू यायची."

म्हणजे मी त्यांच्या आधी जेवले का? अक्काकडं गेले. रहाट न थांबवता ती म्हणाली, "घंटा झाली ना? पोर जगली ना? मग?"

मग काय, ते मला अजून उमगलेलं नाही.

अक्काचं बिऱ्हाड पुढं भिवंडीला गेलं. एक दिवस मी तिकडं जाईन. तिला पाटावर बसवीन, गरम भाकरी वाढीन, आणि ती पोटभर जेवून उठली की मगच घास घेईन.