तोंडाला काही लावू नका

आमच्या घरमालकांइतका स्वतःच्या तोंडाच्या हात धुऊन मागे लागलेला माणूस जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यात झाला नाही, आणि लातूर वेगळं निघाल्यावर नव्या जिल्ह्यातही होणं अवघड आहे. नवी कचेरी उघडली तेव्हा माझी नांदेडहून लातूरला बदली झाली आणि मी त्यांच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सगळे त्यांना अप्पा म्हणत. मोंढ्यात करडई-भुईमुगाची आडत, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि त्या पट्ट्यांखाली लालभडक तोंड. हे तोंड कशानंही पेटायचं: गरम चहानं, ठेच्यानं, उन्हानं, डाळमिलच्या धुळीनं. रागानं तर पेटायचंच, पण राग नसतानाही पेटायचं, ही खरी गंमत. माल घेऊन आलेला रेणापूरचा शेतकरी अप्पा भडकले असं समजून घाईघाईनं नमतं घ्यायचा, आणि सकाळी मिरच्या जास्त पडल्यात हे फक्त अक्कांना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, माहीत असायचं. "माणूस गरीब हाय हो," अक्का मला म्हणायच्या, "तोंड तेवढं फौजदाराचं हाय."

ही लाली जन्माची होती. तिचं अप्पांना काही वाटत नसे. पण वर्षभरापासून तोंडाची आग होऊ लागली होती, पापुद्रे निघत होते, कपाळाला तर बोट लावू देत नसत. "जिल्हा झाला तवापासून समदं नवं निघायलंय, बाई," ते म्हणाले. "कलेक्टर नवा, हापीस नवं, माझ्या तोंडाचं दुखणं बी नवंच."

अप्पा कुणाचाही सल्ला नाकारत नसत, आणि एकाचा सल्ला वाळायच्या आत दुसऱ्याचा लावत. सकाळी बेसन-दही, दुपारी लिंबाचा रस, संध्याकाळी कडुलिंबाचा पाला वाटून. एकदा लिंबू चोळून भर उन्हात मोंढ्यात गेले आणि असे परत आले की अक्कांनी दारातच विचारलं, "कोन पाहिजे?" दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. टँकर चार दिवसांनी यायचा, आणि अर्धी घागर अप्पांच्या तोंडावर सांडायची, तीही कपड्याच्या साबणासकट. "मळ निघाला की आग निघंल," हे त्यांचं शास्त्र. मी एकदा बसून तोंडाला काय काय लागलं याची यादी केली. अकरा वस्तू निघाल्या. त्यातल्या सहा स्वयंपाकघरातल्या होत्या आणि एक शेजारच्या म्हशीच्या गोठ्यातली.

ती यादी घेऊन मीच त्यांना चामडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी वाचली, हात जोडले आणि सांगितलं, "पंधरा दिवस तोंडाला काही लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का रडकुंडीला येऊन माझ्या दारात. "बाई, ह्ये मानूस कालपासून पानी बी पीना झालंय. डाक्टरनं म्हने सांगितलं."

मी धावत गेले. अप्पा बाजेवर पडलेले, ओठ सुकलेले, आणि दोन्ही गालांवर ताजं बेसन.

"अप्पा, हे काय?"

"तोंडाला काही लावायचं न्हाई म्हनले. मी भाकर न्हाई लावली, पानी न्हाई लावलं."

"आणि हे बेसन?"

"ते गालाला हाय. तोंडाला कुठंय?"

मी त्यांना आधी तांब्याभर पाणी पाजलं आणि मग तोंड या शब्दाचा अर्थ सांगितला. अक्का पदर तोंडात कोंबून आत पळाल्या. अप्पांनीही हसायचा प्रयत्न केला, पण हसताना गाल तडकले. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "म्हंजे कपाळाला बी न्हाई? इभूत बी न्हाई?"

तिथं सगळं अडलं. कळायला लागल्यापासून अप्पा कोऱ्या कपाळानं उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. "तोंड जळू द्या, बाई. इभूत सुटायची न्हाई."

मी वही काढली. लाली जन्माची आणि आग वर्षाची, तर वर्षापूर्वी घरात बदललं काय? साबण तोच, तेल तेच, अक्का त्याच. अप्पा रिकाम्या गोठ्याकडे बघून म्हणाले, "गाय गेली."

त्यांची देवणी गाय. चारा संपला तेव्हा तिला किनवटला बहिणीकडे पाठवली होती. तिकडं जंगलामुळं थोडं हिरवं होतं. तोवर अप्पा तिच्या शेणाच्या गोवऱ्या जाळून, राख धुऊन घरीच विभूतीच्या गोळ्या करत. गाय गेल्यावर दुकानातली आणू लागले. मी डबी उघडली तर गुलाबाच्या अत्तराचा भपकारा आला. आणि बोटांना उरलेली विभूती वाया जाऊ नये म्हणून ते ती रोज गालांवर पुसत.

"अप्पा, विभूती सोडायची नाहीये. हा वास सोडायचा आहे. किनवटला पत्र टाका, गोवऱ्या येईपर्यंत पंधरा दिवस थांबा."

ते पंधरा दिवस अप्पांनी काढले. साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, घासायचं नाही, टिपायचं, चहा कोमट, उन्हात डोक्याला मोठा पंचा. तो पंचा ते भुवयांपर्यंत ओढत. तरी कोरं कपाळ दिसलंच, आणि शेजारचे वाणी गंभीर चेहऱ्यानं येऊन बसले. "कोन गेलं, अप्पा?"

"कोन न्हाई. अत्तर गेलं."

पापुद्रे थांबले, आग विझली. किनवटहून गोवऱ्यांचं पोतं आलं. सोबत चिठ्ठी होती: गोवऱ्या आधीच्या आहेत, गाय मागच्या महिन्यात गेली.

अप्पांनी चिठ्ठी दोनदा वाचून घडी केली. राख धुतली, गाळली, गोळ्या वळल्या, सुकवल्या. मी सांगितल्याप्रमाणे आधी कानामागं चिमूटभर लावून दोन दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते माझ्या दारात उभे राहिले. गोळ्या पुरवून वापरायच्या म्हणून इतकी कमी उगाळली होती की उजेडात वाकून बघितलं तरी कपाळ मला कोरंच दिसत होतं.

"बघा बरं, बाई. दिसायलेत का तिन्ही पट्टे?"

"ठळक दिसतायत, अप्पा," मी म्हटलं.

त्यांनी पंचा डोक्यावरून काढून खांद्यावर टाकला आणि मोंढ्याची वाट धरली.