निरोपाचं वाक्य

इस्लामपूरच्या आमच्या कॉलेजात जुनं संस्कृत नाटक मराठीतून बसवायला ते सांगलीहून एसटीनं यायचे. आम्ही त्यांना नुसतं मास्तर म्हणायचो. तालमीत ते आमच्याकडे पाठ करून बसत आणि फक्त ऐकत. आवाज खोटा निघाला की खुर्चीच्या हातावर टिचकी वाजायची. नटानं मात्र प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हा त्यांचा कडक नियम.

मी लढाईवर निघालेल्या राजपुत्राची आई झाले होते. निरोपाच्या वाक्याला मी रोज हमसून रडायचे आणि रोज टिचकी वाजायची. एकदा ते वळले आणि हळूच म्हणाले, "पोरी, रडू नकोस. पाठ फिरव, मग बोल."

"पण मास्तर, तुमचा नियम?"

"या वाक्याला नाही."

मला आमचा गोठा आठवला. दादा पलटणीबरोबर लढाईवर निघाला, तेव्हा आई त्याच्याकडं न बघता शेण भरत राहिली होती. "जपून ऱ्हा," एवढंच म्हणाली होती. दादा त्या लढाईतून परत आला नाही.

प्रयोगाला आई पुढंच बसली होती. घरी जाताना ती म्हणाली, "पाठ फिरवायचं कुणी सांगितलं गं?"

"मास्तरांनी."

"त्यांचं कोण गेलं हुतं?"