रेषेपलीकडचे एकोणीस झेल

मधुकाकांनी ठराव मांडला तेव्हा मी भांडी पुसत होते, म्हणून मतदानात नव्हते. तरीही तो एकमतानं मंजूर झाला. सूचक मधुकाका, अनुमोदक शशीकाकू. काकूंचा एक हात कणकेत होता, दुसरा त्यांनी वर केला. ठराव असा होता की आपल्या फुटबॉल संघानं रिसीव्हर क्रमांक ८४ याला काढू नये, आणि तसं लेखी निवेदन संघाच्या अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून द्यावं.

हा इथला फुटबॉल आहे, आपला नव्हे. एकजण चेंडू हातानं लांब फेकतो आणि दुसरा पळत जाऊन तो झेलतो. झेलणारा तो रिसीव्हर. उन्हाळ्यात संघ पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजच्या मैदानावर महिनाभर सराव करतो आणि शेवटी ज्यांना ठेवायचं नाही त्यांना घरी पाठवतो. संघाचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी आम्हाला वेळ दिला त्यांना उगाच त्रास नको. रस्ता मात्र नीट सांगते, कारण ही सहल कोणालाही सहज करता येईल आणि सराव बघायला तिकीट नाही.

मधुकाका माझ्या वडिलांचे मावसभाऊ. नोकरी लागल्यापासून मी पार्सिपनीत त्यांच्या घरी राहते. मी टेलिफोनच्या रिलेंच्या चाचण्या घेते. काका एका कंपनीत फ्रिजच्या दारांच्या बिजागऱ्या तपासतात. यंत्र दार उघडतं, बंद करतं, आणि काका अहवाल लिहितात. चौदा वर्षांत त्यांचे अहवाल वरपर्यंत गेले आणि पहिल्या पानावर कोणाची तरी आद्याक्षरं घेऊन परत आले. काका परत आलेला प्रत्येक अहवाल स्टेपलपाशी बघत. पान उलटलं की तिथं घडी पडते. घडी कधीच नसायची.

फुटबॉलचं वेड त्यांना व्हीसीआर घेतल्यावर लागलं. दोन वर्षं त्यांनी टेपा मागेपुढे करून संघाच्या प्रत्येक रिसीव्हरचा प्रत्येक झेल रजिस्टरमध्ये उतरवला. त्यातून ८४ सर्वोत्तम ठरला. तो हळू पळतो, पण हाताला लागलेला चेंडू सोडत नाही. आता संघ त्यालाच काढणार अशी बातमी पेपरात आली होती. काकांचं एवढंच म्हणणं होतं की ज्यानं निर्णय घ्यायचा, त्यानं एकदा तरी त्यांचा अहवाल त्यांच्यासमोर बसून वाचावा. हे त्यांनी ठरावात घातलं नाही. काकूंनी मला सांगितलं.

काकांनी संघाच्या कार्यालयाला सहा पत्रं लिहिली. सहाव्याला उत्तर आलं की शनिवारी अकरा वाजता मिस्टर कोल पाच मिनिटं देतील. खेळाडू कोण ठेवायचे, कोण काढायचे, ते बघणारे हे गृहस्थ.

शुक्रवारी सकाळी सात वाजता निघालो. आदल्या संध्याकाळी साने डॉक्टर श्रूजबरीहून गाडी चालवत आले होते. ते काकांचे कॉलेजपासूनचे मित्र, भूलतज्ज्ञ, आणि क्रमांक ८० चे समर्थक. ८० वाऱ्यासारखा पळतो आणि चेंडू सोडतो. विरोधी मताचा सदस्य शिष्टमंडळात असलाच पाहिजे, असं काकांचं म्हणणं होतं. मागच्या सीटवर मी, काकू, दोन डबे, एक थर्मास आणि एका पिशवीत शाल व नारळ. अधिकाऱ्याला भेटायचं तर सत्कार करावा लागतो. यावर चर्चा झाली नाही.

रूट ८० पश्चिमेला धरायचा आणि सोडायचाच नाही. डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की टोल आहे, सुटे पैसे हाताशी ठेवा. तिथं डोंगर मधोमध कापल्यासारखा दिसतो आणि नदी त्या फटीतून बाहेर येते. थांबण्यासारखी जागा आहे. काका थांबले नाहीत, कारण थांबल्यास सरासरी वेग बिघडतो. ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा असताना ते बावन्ननं चालवतात. ट्रकवाले आम्हाला ओलांडताना बघत जातात.

"मधू, तुझा ८४ पण असाच पळतो," डॉक्टर म्हणाले.

"पोचतो की नाही?"

"पोचतो यार, पण तोवर मॅच संपलेली असते."

पुढचा तासभर हाच वाद चालला. डॉक्टरांचं म्हणणं होतं की वेग देवानं द्यावा लागतो, झेलणं शिकवता येतं. काकांचं म्हणणं नेमकं उलट. संघानं गेल्या वर्षी ८० साठी चांगला बचावपटू देऊन टाकला, हा कार्यालयाचा मूर्खपणा आहे यावर मात्र दोघांचं एकमत होतं. फक्त डॉक्टरांच्या मते मूर्खपणा एवढाच की बचावपटूच्या ऐवजी ८४ द्यायला हवा होता.

मी रजिस्टर उघडलं होतं. अहवालाचा मुख्य तक्ता मीच टाइप केला होता, पण काकांनी दिलेल्या बेरजांवरून. मूळ नोंदी वाचल्या नव्हत्या. ही माझी चूक. पोकोनोचे डोंगर संपेपर्यंत मी ८४ च्या सगळ्या नोंदी वाचल्या. प्रत्येक झेलापुढे काकांचा शेरा होता. एकोणीस ठिकाणी शेरा होता: 'रेषेपलीकडे. अप्रतिम.'

या खेळात झेल घेताना दोन्ही पाय मैदानाच्या कडेच्या रेषेच्या आत टेकावे लागतात. नाहीतर तो झेल धरत नाहीत. काकांनी तो धरला होता.

मी एकोणीस वजा करून पाहिले. ८४ पहिल्यावरून चौथ्यावर गेला. संघात रिसीव्हर पाच आहेत.

दुपारी एका विश्रांतिस्थळी थांबलो. या रस्त्यावर ती स्वच्छ असतात, झाडाखाली लाकडी टेबलं असतात, पाणी थंड मिळतं. काकूंनी दशम्या, बटाट्याची भाजी आणि लसणाची चटणी काढली. शाकाहारी असाल तर बरोबर न्याच, कारण पुढे ग्रिल्ड चीज आणि फ्रेंच फ्राइज याशिवाय काही मिळत नाही. पहिली दशमी संपेपर्यंत मी थांबले आणि मग काकांना सांगितलं.

ते म्हणाले, "चेंडू हातात आला की नाही?"

"आला."

"जमिनीला लागला?"

"नाही."

"मग झेल झाला."

"झाला, काका. पण तो धरत नाहीत."

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून नोंदी बोटानं मोजल्या. एकोणीसच होत्या. डॉक्टरांना हसू आवरेना. ते म्हणाले की दोन वर्षं टेपा झिजवून मधूनं असा माणूस शोधून काढला जो जगात कोणाहीपेक्षा चांगला झेल घेतो, फक्त मैदान सोडून. काकूंनी त्यांच्यापुढे चटणी सरकवली आणि खा म्हणाल्या.

मी दुरुस्त तक्ता हातानं लिहून काढला होता. तो द्यायचा की नाही एवढंच विचारलं. तो दिला तर निवेदनातली मागणीच मोडत होती. न दिला तर काकांचा माणूस निदान आमच्याकडून तरी बचावत होता. काकांनी खिशातून पेन काढलं.

"माझा एक तक्ता साहेबांनी काढून टाकला होता," ते म्हणाले. "बिजागऱ्या लवकर तुटत होत्या. मी लिहिलं होतं. तो कागद काढून बाकीचा रिपोर्ट पुढे पाठवला." मग पेन उघडून त्यांनी माझ्या कागदाच्या डोक्यावर 'परिशिष्ट ब' लिहिलं. "लाव मागे."

संध्याकाळी मोटेलमध्ये दोन खोल्या घेतल्या. अठ्ठावीस डॉलरला एक. टीव्ही चालतो, खिडकी उघडत नाही. मालक नवसारीचे निघाले. नारळ कशाला, असं त्यांनी विचारलं, आणि कारण ऐकून तेही ८० च्या बाजूनं बोलू लागले.

शनिवारी साडेनऊला मैदानावर पोचलो. गाडी गवतावर लावायची, घडीच्या खुर्च्या आपल्या आपण न्यायच्या. टोपी न्या, सावली नाही. ८४ प्रत्यक्षात टीव्हीपेक्षा लहान आणि वयानं मोठा दिसतो. आमच्या समोर त्यानं एक झेल घेतला. पूर्ण आडवा होऊन, बोटांच्या टोकांवर. काका उभे राहिले. डॉक्टरसुद्धा उभे राहिले. मी त्याचे पाय पाहिले. डावा पाय पांढऱ्या रेषेच्या बाहेर होता, अंदाजे नऊ इंच.

"वीस," काका हळूच म्हणाले आणि खाली बसले.

मिस्टर कोल यांचं कार्यालय म्हणजे कॉलेजच्या व्यायामशाळेतली एक खोली. पंखा एक, खुर्च्या तीन. साठीचे गृहस्थ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, घामाघूम. काकांनी प्रास्ताविक केलं, डॉक्टरांनी पाहुण्यांचा परिचय करून दिला. पाहुणे म्हणजे मिस्टर कोल, जे स्वतःच्याच खोलीत बसले होते. मग काकूंनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यांवर शाल घातली आणि हातात नारळ दिला. शाल लोकरीची होती. बाहेर ब्याण्णव फॅरनहाइट होतं. सत्कारानंतर शाल काढायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि आपण काढली तर अपमान होईल असं त्यांना वाटलं असावं. ते शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन आमचा अहवाल वाचायला लागले.

त्यांनी पहिलं पान वाचलं. काकांची नजर स्टेपलवर होती. कोल यांनी पान उलटलं, अंगठ्यानं दाबून घडी पाडली आणि दुसरं वाचायला घेतलं. पाच मिनिटं संपली, दहा झाली. एक माणूस दारात डोकावला, शाल पाहून निघून गेला. कोल परिशिष्ट ब पर्यंत पोचले आणि तिथं थांबले.

हा तक्ता तुमच्या मागणीच्या विरुद्ध जातो, हे तुम्हाला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं.

"हो," काका इंग्रजीत म्हणाले. "पण तो बरोबर आहे."

कोल यांनी तक्ता कोणी केला विचारलं. मी म्हटलं, नोंदी काकांच्या, वर्गवारी माझी. रेषेपासून अंतर किती, हे त्यांनी विचारलं. नोंदींवरून बहुतेक एका पावलाच्या आत, असं मी सांगितलं. ते म्हणाले की हा माणूस झेलतो आणि तरी त्याचे आकडे वाढत का नाहीत, हे आमच्याकडे चार वर्षांत कोणी मोजलं नव्हतं. आमच्याकडे चार माणसं याच कामाला आहेत, असंही ते म्हणाले.

मग काकांनी विचारलं की ८४ चं काय ठरलं.

कोल यांनी कपाळ शालीच्या पदरानं पुसलं. ते म्हणाले, तो राहतोय. आधीच ठरलंय. संघाचं खिशातलं कॅलेंडर छापून आलंय आणि मुखपृष्ठावर ८४ चा फोटो आहे. ती गठ्ठ्यांनी पडली आहेत. वाटून होईपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबरपर्यंत, त्याला काढता येत नाही.

काकांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. काका हसायला लागले. आधी आवाज न करता, मग चष्मा काढून, मग काकूंच्या खांद्याला धरून. डॉक्टरांनी त्यांची नाडी बघितली.

"अगं, आमची बिजागरी," ते काकूंना सांगू लागले. "तीसुद्धा याच कारणानं राहिली. माहितीपत्रक छापून झालं होतं."

मी ते कोल यांना इंग्रजीत सांगितलं. तेही हसले, पण जपून. आभारप्रदर्शन डॉक्टरांनी केलं. कोल यांनी परिशिष्ट ब ठेवून घेतलं, शाल घडी करून परत देऊ केली आणि काकूंनी ती परत घेतली नाही.

परतीला त्याच रस्त्यानं एका दिवसात येता येतं, बावन्ननं गेलात तरी सात तास. पेट्रोलच्या दोन टाक्या लागल्या. काका वाटेत डेलावेअरपाशी थांबले आणि त्यांनी डोंगर बघितला.

ऑक्टोबरमध्ये ८४ ला काढलं. त्याच आठवड्यात कोल यांचं पत्र आलं. त्यात काकांच्या अहवालातल्या तीन पानांचा पानक्रमांकासह उल्लेख होता, आणि परिशिष्ट ब प्रशिक्षकांच्या बैठकीत वापरलं, असंही होतं. काकांनी पत्र उभं राहून मोठ्यानं वाचलं, मग बसून मनात वाचलं. कॅलेंडरामुळे तो ऑक्टोबरपर्यंत राहिला, हे नक्की. माझ्या तक्त्यामुळे तो गेला का, हे मला माहीत नाही. माहीत करून घेण्याचा मार्गही नाही. काकांनी मला एकदाच विचारलं.

"आपण खरं तेच दिलं ना?"

"हो."

मग दोन दिवस त्यांनी व्हीसीआर लावला नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी मला बाजूला घेतलं आणि काहीतरी कर म्हणाल्या. मी लायब्ररीत गेले आणि नियमांची पुस्तकं काढून वाचली. कॅनडातही हा खेळ खेळतात. तिथलं मैदान इथल्यापेक्षा जवळजवळ बारा यार्ड रुंद असतं, म्हणजे प्रत्येक बाजूला सहा यार्ड जास्त. रजिस्टर घेऊन मी पुन्हा मोजणी केली. एकोणीसपैकी एकोणीस आत येतात. सरावातला धरला तर वीस.

मैदान रुंद असेल तर चेंडूही तितकाच लांब फेकतील, हे मला कळतं. तशी तळटीप दिली आहे.

पत्र कॅनडातल्या हॅमिल्टनच्या संघाला गेलं आहे. मजकूर काकांचा, अनुमोदन साने डॉक्टरांचं. ८० यंदा इथंच राहिल्यामुळे त्यांना आता काही हरकत नाही. तक्ता मी टाइप केला आणि या वेळी तो मागे न लावता पहिल्या पानावर घेतला.